विश्लेषण : सोसायटीच्या फाटकावरचा क्रोटन रंगतो, मग हॉलमधला हिरवा का पडतो?

सोसायटीच्या फाटकालगतच्या क्रोटनकडे वर्षभर कोणी बघत नाही. वॉचमनने आठवड्यातून दोनदा पाइपने पाणी मारले तर मारले. तरी त्याची पाने लाल, पिवळी, केशरी. तसेच रोप नर्सरीतून शे-दोनशे रुपये देऊन घरी आणले, सिरॅमिकच्या कुंडीत लावले, टीव्हीशेजारी ठेवून रोज पाणी घातले, की महिनाभरात खालची पाने गळतात आणि नवी येतात ती हिरवट. मग घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आमच्या हाताला झाडच लागत नाही.’ प्रत्यक्षात चूक हाताची नसून जागेची असते. आणि ती जागा निवडताना ग्राहकाची दिशाभूल करतो तो विक्रीच्या वेळी वापरला जाणारा एक शब्द, ‘इनडोअर’.

क्रोटन म्हणजे नेमके कोणते झाड?

नर्सरीत ज्याला क्रोटन म्हणतात त्याचे शास्त्रीय नाव ‘कोडिएयम व्हेरिगॅटम’. मूळ इंडोनेशियाची बेटे, मलेशिया आणि पॅसिफिक महासागरातील बेटांच्या पट्ट्यातले. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या रम्फियस या अभ्यासकाच्या ग्रंथात ‘कोडिएयम’ हे नाव येते. पुढे लिनियसने या झाडाला क्रोटन या गणात टाकले. नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते तिथून काढले, पण बाजारात जुने नाव चिकटले ते चिकटलेच. खऱ्या क्रोटन गणात आपल्याकडचा जमालगोटा येतो. दोन्ही झाडे एरंडाच्या कुळातली. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा आणि नाताळात दिसणारे लाल पॉइन्सेटिया हेही त्यांचेच भाऊबंद. क्रोटनच्या शेकडो जाती आहेत. काहींची पाने रुंद, काहींची बोटासारखी लांब, काहींची पिळदार. ‘गोल्ड डस्ट’मध्ये हिरव्या पानावर पिवळे शिंतोडे असतात, तर ‘पेट्रा’मध्ये शिरांना पिवळा-लाल रंग येतो.

पानांत हे रंग येतात कुठून?

पानातील हरितद्रव्य प्रकाश शोषून अन्न तयार करते. ते हिरवे असते. त्याच्या जोडीला पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड आणि लाल-जांभळा रंग देणारी अँथोसायनिन ही द्रव्ये असतात. क्रोटनच्या पानात या तिन्हींची वाटणी सगळीकडे सारखी नसते, म्हणून शिरा एका रंगाच्या, कडा दुसऱ्या आणि मधला भाग तिसऱ्या रंगाचा दिसतो. अनेक जातींमध्ये कोवळे पान हिरवे-पिवळे असते आणि वय वाढेल तसे लाल होत जाते. मात्र त्यासाठी भरपूर प्रकाश लागतो. पुष्कळ उजेड मिळाला की झाडात लाल द्रव्य वाढते. पानाला जादा उन्हाचा त्रास होऊ नये यासाठीही त्याचा उपयोग होतो.

ज्या भागात हरितद्रव्य कमी, तिथे अन्नही कमी तयार होते. रंगीबेरंगी पान म्हणजे झाडाच्या दृष्टीने थोडी उधळपट्टीच. प्रकाशाची मिळकत भरपूर असेल तोवर ती परवडते. मिळकत घटली की झाड काटकसर करते, म्हणजे नव्या पानांत हरितद्रव्य वाढवते. हॉलमधला क्रोटन हिरवा पडतो तो आजारामुळे नव्हे. कमी प्रकाशात जगण्यासाठी त्याने केलेली ती सोय असते.

पण हॉलमध्ये तर लख्ख उजेड असतो?

तसे आपल्याला वाटते. माणसाचा डोळा कमी-जास्त उजेडाशी झटकन जुळवून घेतो, त्यामुळे खोली आणि अंगण यांतला फरक आपल्याला जाणवतो त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. कार्यालयात टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स असतात. घरातल्या हॉलमध्ये, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात, हा आकडा शंभर-दोनशेवर येतो.

आता रोपाचा प्रवास पाहावा. महाराष्ट्रातील नर्सरींत येणारी अनेक शोभेची रोपे पुण्याच्या परिसरात किंवा आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियमसारख्या भागात वाढवली जातात. तिथे ती उघड्यावर किंवा शेडनेटखाली असतात. निम्मे ऊन अडवणाऱ्या जाळीखालीही दुपारी ५० हजार लक्सच्या आसपास प्रकाश मिळतो. तिथून निघालेले रोप एके दिवशी २०० लक्सच्या कोपऱ्यात येऊन बसते. हजार रुपये रोज कमावणाऱ्याला अचानक चार रुपयांवर घर चालवायला सांगितले, तर काय होईल? पाने गळतात ती याच धक्क्याने.

मग ‘इनडोअर’ हा शब्द खोटा आहे का?

पूर्ण खोटा नाही, पण अर्धवट नक्कीच आहे. नर्सरीवाल्यांचीही एक बाजू आहे. फ्लॅटमध्ये राहणारा ग्राहक येतो तोच ‘इनडोअर दाखवा’ असे म्हणत. क्रोटन घरात जगतो, हेही खरे. मोठ्या खिडकीजवळ किंवा उन्हाच्या बाल्कनीत तो उत्तम राहतो. मात्र ‘घरात’ या एका शब्दात पूर्वेची बाल्कनीही येते आणि पॅसेजमधला बुटांच्या कपाटावरचा कोपराही. झाडाला छप्पर आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते. पानावर किती प्रकाश पडतो, एवढेच ते मोजते.

शिवाय ग्राहक क्रोटन घेतो तो रंगासाठी. नुसते जगणारे, हिरवे पडलेले रोप त्याला नको असते. रंग दाखवून विकायचे आणि रंग टिकण्याची अट सांगायची नाही, हा व्यवहार बरोबर नाही. बिस्किटाच्या पुड्यावर घटक आणि मुदत छापलेली असते. दोनशे रुपयांच्या रोपाबरोबर ‘रोज तीन-चार तास ऊन किंवा खिडकीलगतचा भरपूर उजेड हवा’ ही एक ओळ देणे कोणत्याही नर्सरीला आणि ऑनलाइन विक्रेत्याला जड नाही. ती नसल्याने रोप मरते, पैसे जातात आणि झाडे लावण्याची हौसही जाते. यातले तिसरे नुकसान सर्वांत मोठे. पहिलेच रोप गेलेला माणूस बहुधा दुसरे आणत नाही.

घरात योग्य जागा कशी ओळखायची?

सर्वांत सोपी कसोटी सावलीची. सकाळी दहा-अकराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. बोटांची सावली स्पष्ट उमटली तर जागा क्रोटनला चालेल. सावली धूसर असेल तर रंग फिके पडतील. सावली दिसतच नसेल तर तिथे क्रोटन ठेवू नये. मोबाइलवर प्रकाश मोजणारी मोफत ॲपही मिळतात. त्यांचा आकडा अंदाजेच असतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. दुपारी काही हजार लक्स दाखवणारी जागा निवडावी.

पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची, कारण सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचा चटका टळतो. पश्चिमेला एप्रिल-मे महिन्यांत पाने करपू शकतात. तिथे पातळ पडदा लावावा. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येऊन गेला की जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतले थेट ऊन नाहीसे होते. म्हणजे कुंडीची जागा एकदा ठरवली की संपले, असे होत नाही. ऋतूनुसार ती हात-दोन हात सरकवावी लागते.

नवे रोप आणल्यावर ते एकदम कडक उन्हातही ठेवू नये. आधी आठ-दहा दिवस उजेडाच्या सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हाकडे न्यावे. तेवढ्या काळात कुंडी बदलण्याचीही घाई करू नये.

पाने गळू लागली तर काय करावे?

बहुतेक घरांत इथेच दुसरी चूक होते. पाने गळताना दिसली की पाणी वाढवले जाते, वर खताची चमचाभर मात्राही दिली जाते. पाने कमी झालेल्या झाडाला उलट पाणी कमी लागते. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. मग झाड पाण्यात उभे असूनही मान टाकते.

अशा वेळी नखाने खोड किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. ते उजेडाच्या जागी हलवून तिथेच स्थिर राहू द्यावे. रोज जागा बदलू नये. मातीत बोट घालून वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात बाल्कनीत ही वेळ रोज येऊ शकते, तर पावसाळ्यात आठवडाभर येणार नाही. ‘दिवसातून एक ग्लास’ असा नियम म्हणूनच कामाचा नाही. कुंडीला खाली भोक असलेच पाहिजे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकले पाहिजे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

एसीच्या थेट झोताखालीही क्रोटन पाने टाकतो. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी लागतो. पानांवर बारीक फिके ठिपके आणि कोळिष्टकासारखे धागे दिसले तर पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवावीत आणि गरज पडल्यास निंबोळी तेलाची फवारणी करावी. पानांवरची धूळ पुसणे हीही निगा आहे, कारण धुळीचा थर प्रकाश अडवतो. खत मात्र नवी पालवी फुटू लागल्यावरच, तेही मूठभर गांडूळखत पुरे.

क्रोटन हवा शुद्ध करतो का? मुलांना धोका आहे का?

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, हा दावा रोपांच्या जाहिरातींत सर्रास दिसतो. त्याचे मूळ नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासात आहे. तो प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये झाला होता. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. खिडक्या-दारांतून एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १,००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. हवेसाठी खिडकी उघडावी. झाड आवडते म्हणून ठेवावे.

जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट वेगळीच आहे. क्रोटनचा चीक कातडीला लागला तर खाज आणि पुरळ येऊ शकते. पान चावले तर तोंडात जळजळ आणि पोटाचा त्रास होतो. रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरात कुंडी त्यांच्या पोहोचेबाहेर हवी. छाटणी करताना हातमोजे घालावेत. चिकाचे डाग कपड्यांवरून सहज निघत नाहीत.

ज्यांच्या घरात ऊनच येत नाही, त्यांनी काय करावे?

क्रोटन आणू नये, हे सरळ उत्तर आहे. चाळीतली खोली, मागच्या बाजूचा तळमजला किंवा समोर दुसरी इमारत असलेला फ्लॅट यांत मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी अशी हिरवी झाडे समाधानाने राहतात. रंगच हवा असेल तर अग्लोनिमा क्रोटनपेक्षा कमी उजेडात भागवतो, पण खिडकीजवळची जागा त्यालाही लागते. प्रकाशाची उणीव खताने किंवा पाण्याने भरून निघत नाही.

ज्यांच्याकडे ऊन आहे, त्यांना महागडे रोप विकत घ्यायचीही गरज नाही. फाटकावरच्या त्याच क्रोटनची, सोसायटीला विचारून, पावसाळ्यात गुटी बांधता येते. पेन्सिलएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, त्यावर ओले मॉस गुंडाळून प्लास्टिकने घट्ट बांधायचे. महिना-दीड महिन्यात मुळे दिसू लागली की खालून कापून कुंडीत लावायचे. वीतभर छाटही लागते, पण गुटीची खात्री जास्त. असे रोप मूळ झाडाचेच गुण घेऊन येते. बियांपासून मात्र तोच रंग मिळेल याचा भरवसा नसतो.

शेजारच्या झाडाची अशी फांदी लावण्यात आणखी एक फायदा आहे. ते झाड कुठे उभे आहे, त्यावर किती वेळ ऊन पडते, त्याला कोण किती पाणी घालते हे रोज डोळ्यांसमोर असते. विक्रेत्याने न दिलेली माहिती तिथे आयती मिळते. रोपांचा बाजार वाढतो आहे आणि त्यात नवखा ग्राहकच अधिक. त्याला ‘इनडोअर’ आणि ‘आउटडोअर’ या दोन खणांऐवजी झाडाचे नाव, उजेडाची गरज आणि चिकाचा इशारा या तीन ओळी लिहून मिळाल्या पाहिजेत. तोवर नर्सरीत गेल्यावर ‘हे इनडोअर आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘याला किती तास ऊन लागते’ असे विचारावे. उत्तर ऐकून घरातली खिडकी आठवावी आणि मगच पाकिटाला हात घालावा.