स्थगितीचे बिल

हमरियाच्या यार्डात काम थांबवणे फुकट पडत नाही. तेलकंपनीने एखादे मॉड्यूल 'होल्ड'वर टाकले की त्याच संध्याकाळी आमच्या प्लॅनिंग खात्यात नवी शीट उघडते. क्रेन उभी आहे, भाडे चालू. वेल्डर बसून आहेत, हजेरी चालू. रंगाविना पडलेल्या पोलादाला समुद्राची दमट हवा लागली की गंज धरतो, म्हणजे पुन्हा ब्लास्टिंग. या सगळ्याचे दर करारात आधीच लिहिलेले असतात. महिनाअखेरीस बिल जाते, आणि ज्याने थांबवायला सांगितले त्याच्याच नावावर जाते. त्यामुळे 'थांबवा' म्हणण्याआधी तिकडचा साहेब चार वेळा विचार करतो.

शारजाच्या उत्तरेला समुद्रकाठी १९९५ मध्ये वसवलेल्या या फ्री झोनमध्ये मराठी माणूस भरपूर आहे. कुणी स्टोअरला, कुणी सेफ्टीत, कुणी फॅब्रिकेशनवर. राजकारण मात्र सगळ्यांचे महाराष्ट्रातले. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करायला कायद्यानेच बंदी असते. २०२२ च्या उन्हाळ्यात या अडीच तासांत मेसमध्ये आम्ही महाराष्ट्राचे सरकार रोज पाडायचो आणि रोज उभे करायचो. तिकडे खरेच पडले होते.

वादाचे मानकरी दोघे. एक सांगलीकडचे फोरमन, ज्यांना सगळे दादा म्हणतात. दुसरा क्यूसीतला अंबरनाथचा पोरगा.

"दादा, तुमच्या लोकांनी अडीच वर्षं आरेतली कारशेड अडवून ठेवली. मेट्रो दहा हजार कोटींनी महागली. कोण भरणार?"

"आन् रात्रीत झाडं कुणी पाडली रं? त्याचं बी मोल लाव की!"

दोघांचेही बरोबर होते, म्हणूनच वाद कधी मिटला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाचा निकाल लागताच आरेत रातोरात करवत चालली आणि दोन हजारांहून जास्त झाडे पडली. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारशेडला स्थगिती दिली. मग मनोज सौनिक समिती नेमली. कारशेड हलवणे परवडणारे नाही, असे तिने सांगितले. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेडसाठी कांजूरमार्ग जाहीर झाले. ती जमीन आमची, असे म्हणत केंद्र न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिथले काम थांबवले. म्हणजे आरेला राज्याची स्थगिती, कांजूरला न्यायालयाची. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे आले आणि कारशेड परत आरेत. १० ऑगस्टला मंत्रिमंडळाने मेट्रो-३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३३,४०५ कोटींवर नेला. आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच कांजूरची १५ हेक्टर जमीन त्याच शिंदे सरकारने मेट्रो-६ च्या कारशेडला दिली!

अंबरनाथच्या पोराचे दहा हजार कोटी ते हेच. पण त्यातले स्थगितीचे किती, भुयाराचे किती, कोविडमध्ये गेलेल्या दिवसांचे किती? ही फोड आपण ऐकली ती प्रवक्त्यांच्या तोंडून. एकाने सगळा आकडा स्थगितीच्या माथी मारला, दुसऱ्याने एक रुपयाही कबूल केला नाही. आमच्या यार्डात अशी शीट घेऊन कुणी मीटिंगला आला तर त्याला दारातूनच परत पाठवतील.

आरे मुंबईत आहे म्हणून गाजले. गावाकडे हाच खेळ '२५-१५'वर चालतो. ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षातून गावातले रस्ते, गटारे, सभामंडप, स्मशानभूमीची शेड अशी कामे होतात. आमदाराने पत्र द्यायचे, निधी आणायचा, बोर्ड लावायचा. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने आदल्या सरकारची कार्यारंभ आदेश न निघालेली कामे अडवली. जुलै २०२२ मध्ये त्याच्या पुढच्या सरकारने तेच केले, आणि त्यावर उच्च न्यायालयात याचिकांची रांग लागली. दादांच्या गावचा सभामंडप पहिल्या फेरीत अडकला. तेव्हा सरकार दादांच्या आवडीचे होते, म्हणून दादा म्हणाले, "तपासून देतील की, घाई काय?" दुसऱ्या फेरीत शेजारच्या वाडीचा रस्ता अडकला, तेव्हा मात्र ते सुडाचे राजकारण झाले. अंबरनाथच्या पोराची वाक्ये हीच होती, फक्त साले उलटी. सभामंडपाचे म्हणाल, तर शेवटी गावच्या आखातातल्या पोरांनी एक्स्चेंजमधून पैसे पाठवून त्यावर पत्रे टाकले.

नव्या सरकारने जुन्याचा खर्च मोडूच नये, असे मला म्हणायचे नाही. लोकांनी सत्ता बदलली ती काहीतरी बदलावे म्हणूनच. वाईट करार मोडलाच पाहिजे. पण मोडण्याचा आवेश आणि मोडण्याचा हिशेब या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे एन्रॉनचे उदाहरण ढळढळीत आहे. १९९५ च्या निवडणुकीत दाभोळचा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा झाल्या, युती सत्तेवर आली, गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने अहवाल दिला आणि ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. वर्ष उलटायच्या आत वाटाघाटी होऊन प्रकल्प वर आला, तो आधीपेक्षा मोठ्या क्षमतेचा! पुढे २००१ मध्ये त्याची वीज घेणे वीज मंडळानेच थांबवले.

परदेशात सगळे शहाणे असतात असेही नाही. कॅनडात १९९३ मध्ये सत्ताबदल झाल्यावर ज्याँ क्रेतियाँ यांनी आदल्या सरकारचा ईएच-१०१ हेलिकॉप्टरांचा सौदा आल्या आल्या मोडला, आणि १९९८ मध्ये त्याच घराण्यातली पंधरा हेलिकॉप्टरे बचावकार्यासाठी घेतली. आपल्या कांजूरला शोभेल असा प्रकार. फरक एवढाच की सौदा मोडण्याची किंमत, सुमारे ४८ कोटी कॅनेडियन डॉलर, तिथल्या करदात्याला ठाऊक होती. ती पटली की नाही हे त्याने आपले ठरवले.

आपल्या मंत्रालयात नव्या खर्चाच्या प्रस्तावावर वित्त विभागाचा अभिप्राय लागतो. स्थगितीलाही तो लागला पाहिजे. खर्च थांबवणे म्हणजे बचत, हा समज खोटा आहे. ठेकेदाराची भरपाई, वाढलेले दर, कर्जावरचे व्याज, पुन्हा काढलेली निविदा हे सगळे खर्चच आहेत, फक्त ते पुढच्या सरकारच्या अंदाजपत्रकात उगवतात. स्थगितीच्या शासन निर्णयात एक परिच्छेद असावा: हे काम सहा महिने थांबले तर इतके, कायमचे रद्द केले तर इतके. तो आकडा पाहूनही मंत्र्याला सही करावीशी वाटली तर खुशाल करावी. झाडे वाचवायला तेवढे पैसे द्यायची तयारी आहे, असे छातीठोकपणे सांगावे. मी तर म्हणेन, काही वेळा ते द्यावेतच.

आम्हा परदेशस्थांना मत द्यायचे तर आजही विमानाने जाऊन मतदान केंद्रावर उभे राहावे लागते, त्यामुळे आमच्या म्हणण्याला कुणी आमदार घाबरणार नाही. तुम्ही तिथे आहात. तुमच्या गावात २५-१५ चे एखादे काम अर्धवट असेल, तर माहितीच्या अधिकारात एवढेच विचारा: मंजुरी कधी, स्थगिती कधी, ती उठली कधी, आणि अंदाजपत्रक तेव्हा किती होते नि आज किती आहे. उत्तर आले की ग्रामसभेत मोठ्याने वाचा, आणि दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते हजर असताना वाचा.