एक पत्ता, दोन संगणक

घरात दोन संगणक, दोन्ही एकाच राऊटरला जोडलेले, दोन्हींवर थंडरबर्ड आणि सगळ्यांचा मिळून एकच ईमेल पत्ता. अशा घरात "अब्बा, शिष्यवृत्तीची मेल आलीच नाही" ही तक्रार कधीतरी ऐकू येतेच. मेल आलेली असते. ती अब्बांच्या संगणकावर उतरलेली असते, आणि इकडे मुलीच्या अर्जातल्या दुरुस्तीची मुदत सरत असते.

आमच्याकडे हेच झाले. जोडणी करून देणाऱ्याने 'पॉप' निवडले होते. पॉप मेल सर्व्हरवरून उतरवून त्या एका संगणकात ठेवते. सर्व्हरवर प्रत राहू देण्याची खूण तिथे असते, पण ती बहुधा ठरावीक दिवसांपुरती. शिवाय पाठवलेली मेल पाठवणाऱ्याच्याच संगणकावर राहते. अर्ज गेला की नाही, हे दुसऱ्याला कळायला मार्ग नाही.

यावर एक सल्ला मिळतो: थंडरबर्डचे प्रोफाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दोघांनी तेच उघडा. आम्हाला तो पटत नाही. एकजण आत असताना प्रोफाइलला कुलूप असते. दुसऱ्याला 'आधीच सुरू आहे' एवढेच उत्तर मिळते. कुलपाची फाईल पुसून जबरदस्ती केली, तर दोघांचे लिखाण एकमेकांवर पडून मेलच बिघडतात. आणि अब्बांनी संगणक बंद केला की सगळेच बंद!

खरा इलाज 'आयमॅप'. यात मेल सर्व्हरवरच राहते, दोन्ही संगणक तीच पाहतात. पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस.

मात्र पॉपचे जुने खाते आधी काढू नका. जुन्या मेल कदाचित तिथेच उरल्या असतील. त्याच संगणकावर आयमॅपचे खाते नव्याने जोडा, जुन्या मेल निवडून त्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. पाठवलेल्याही. हजारो असतील तर थोड्या-थोड्या. जीमेल असेल तर मोफत जागा १५ जीबी, आणि त्यात ड्राइव्ह व फोटोही धरतात, म्हणून आधी शिल्लक पाहा. ब्राउझरमधून उघडून सगळे पोचल्याची खात्री झाली, की मगच जुने खाते काढा आणि दुसऱ्या संगणकाला हात लावा.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: आयमॅपमध्ये एकाने पुसलेली मेल दुसऱ्याकडूनही जाते. आमच्याकडे मुलीच्या कागदपत्रांसाठी वेगळे फोल्डर केले आहे. ते तिच्याशिवाय कोणी साफ करत नाही.