पोचपावती मागा!

शेतकरी बंधूंनो, डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचं माहिती-तंत्रज्ञान खातं आशिष शेलार यांच्याकडं आलं. ‘आपले सरकार’ पोर्टलवर दाखले मिळतात, ती यंत्रणा याच खात्याची. पण मंत्री मुंबईत अन् आपण आष्टी-पाटोद्यात. इथं केंद्रावर उत्तर मिळतं, “सर्व्हर डाऊन हाय, उद्या या.” त्या उद्यापायी रोजगार बुडतो, एस.टी.चं भाडं जातं.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखला हा उपकार राहिला नाही, हक्क झाला. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. विनाकारण टाळाटाळ ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. पण खरी मेख पुढंच आहे. मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. अर्जच नोंदला नाही, तर कसली मुदत अन् कसलं अपील? म्हणून अर्जाचा नंबर, पोचपावती घेतल्याबिगर केंद्रातून हलू नका.

कर्मचारी बंधूंनो, सर्व्हर तुमच्या हातात नाही. पण सेवा, मुदत अन् अपिलाचा अधिकारी सांगणारा फलक लावणं तुमच्याच हातात आहे. आणि मंत्रिमहोदय, सर्व्हर कुठं किती तास बंद होता, ते तालुकावार जाहीर करा. कारभार त्यावरूनच कळेल.