आकडा विचारताना दिशाही विचारावी

एमआरआय यंत्रातील चुंबक म्हणजे निओबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारेचे वेटोळे. द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला, या तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो. हेलियम मात्र आपल्या देशाला जवळजवळ सर्वच आयात करावा लागतो. म्हणूनच तुलनेने अधिक तापमानाला काम करणाऱ्या नव्या अतिसंवाहक फितींच्या चुंबकांकडे आशेने पाहिले जाते. ही आशा रास्त आहे. परंतु 'ही फीत इतके अँपिअर वाहते' या एका आकड्यावर कोणी समाधान मानू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

या पदार्थकुलाचा शोध बेडनोर्झ व म्युलर यांनी १९८६ मध्ये लावला. आजची फीत सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यातील अतिसंवाहक थर अवघ्या एक-दोन मायक्रॉनचा. त्यात तांबे व ऑक्सिजन यांचे अणुस्तर एकावर एक रचलेले असतात. चुंबकीय क्षेत्र या थरात सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने शिरते. विद्युतप्रवाह त्यांना बाजूला ढकलतो आणि भोवरे सरकू लागले की रोध उत्पन्न होतो. क्षेत्र फितीच्या पृष्ठभागाला समांतर असेल, तर स्तरांची रचनाच भोवऱ्यांना जखडून ठेवते. तेच क्षेत्र पृष्ठभागावर काटकोनात आले, तर हा आधार सुटतो आणि फितीची क्षमता सामान्यतः बरीच घटते. बेरियम झिरकोनेटचे अतिसूक्ष्म कण मिसळल्यास ही उणीव कमी होते, असे २००४ मध्ये दिसून आले. परंतु दिशेचा प्रभाव त्याने संपलेला नाही.

वेटोळ्याच्या मध्यभागी क्षेत्र फितीला समांतर असते. टोकांशी मात्र ते वळते व फितीच्या पृष्ठभागावर तिरपे येते. परिणामी संपूर्ण चुंबकाची मर्यादा बहुधा टोकांकडील मोजके वेढे ठरवितात.

आपणा वैद्यकांना हे अपरिचित नाही. हृदयाचा विद्युत-अक्ष एखाद्या लीडला काटकोनात असेल, तर तेथे आलेख जवळजवळ सपाट दिसतो. तेवढ्यावरून आपण निदान करीत नाही, दुसरी लीड पाहतो. निरोगी टेंडन चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करीत असेल, तर एमआरआयच्या काही चित्रांत ते उजळ दिसून विकाराचा भास होतो. दिशा विसरणाऱ्याची फसगत होते, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

उद्या असे चुंबक रुग्णालयांत येतील, तेव्हा खरेदी समितीवर आपल्यापैकीच कोणी असेल. त्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हा आकडा कोणत्या तापमानाचा, किती क्षेत्रातला आणि कोणत्या कोनातला? सर्वांत प्रतिकूल कोनातला आकडा मागण्यात संकोच कसला? मोठ्या शहरात एक यंत्र बंद पडले, तर दुसरे हाताशी असते. लहान गावातल्या रुग्णाला मात्र रात्रीचा प्रवास करावा लागतो.