दाखला म्हशीचा की कागदाचा?

जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतील दूध मुंबईकरांच्या चहात रोज पडते. पण ते देणारी म्हैस कोठून आली, हे कोण विचारतो? मेहसाणी आणि जाफराबादी गुजराथेतून येते, मुऱ्हा हरियाणातून. ती आटली की तबेलेवाला तिला काढतो व नवी व्यालेली आणतो. म्हणजे उपनगराच्या गोठ्यांत परमुलखाचे जनावर बारमाही येतच असते. बकरी ईदच्या आधी देवनारला राजस्थान, मध्यप्रदेशाकडून बकऱ्यांचे ट्रक लागतात, ते निराळेच. रोगाला हद्द कळत नाही, म्हणून हद्दीवर नियम पाहिजेत. याबद्दल आमचा वाद नाही.

नियमाचे फळ काय, हे बुळकांडीने दाखविले आहे. आमच्या आज्यापणज्यांच्या काळी ती गावात शिरली की दावणी ओस पडत. आणि बैल गेला की मागोमाग कुणब्याचे शेत सावकाराच्या घरी जाई. १९५४ पासून देशभर टोचणीची मोहीम चालली आणि २०११ साली हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. हे मरीआईला कोंबडे कापून झाले नाही. टोचणीने आणि जनावरांच्या येण्याजाण्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवल्याने झाले.

आज नियमांचा दुष्काळ नाही. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे जनावर प्रवासास योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. २००९ च्या कायद्याने रोगाचा मुलूख नियंत्रित ठरवून तेथील जनावरांची ने-आण बंद करता येते. कानात बारा आकडी बिल्ला नसेल, तर खरेदी-विक्री आणि वाहतूक होऊ नये, असे महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ठरविले.

मग दुखणे कोठे आहे? लाळ-खुरकूत दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत अंगात दडून राहते. आज धडधाकट दिसणारी म्हैस दाखला घेऊन निघते आणि तबेल्यात आल्यावर तिच्या तोंडातून लाळ गळू लागते. तेथे म्हशीला म्हैस लागून बांधलेली. नव्या जनावराला पंधरा-वीस दिवस वेगळे ठेवण्यास जागा कोठून आणावी? अशा वेळी ट्रकचा पडदाही न उचलता मारलेला शिक्का म्हणजे रोगाला दिलेला परवानाच होय. कागदाला ताप येत नाही, म्हणून कागद तपासणे सोपे जाते!

शिवाय बंदीचा भार कोणावर पडतो? २०२२ साली लम्पी आला, सारा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र ठरला, गुरांचे बाजार बंद झाले. ते योग्यच झाले. पण ज्याच्या घरी विकण्यासारखा एकच बैल, त्याची पेरणी थांबली. मोठ्या धन्याचे फारसे अडले नाही. त्या वेळी मेलेल्या दुभत्या गाईस तीस हजार व बैलास पंचवीस हजार रुपये सरकारने दिले, हे आम्ही चांगलेच म्हणतो. भरपाई मिळेल हा भरवसा असला, तरच गरीब माणूस रोग सांगतो. नाहीतर रातोरात जनावर विकून मोकळा होतो आणि रोग पुढच्या गावाच्या गळ्यात पडतो.

दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवर १ जुलै २०१७ पर्यंत जकात घेतली जात होती. पैसा मोजायचा होता, तेव्हा रात्री-अपरात्रीही माणूस हजर असे. तीच दक्षता रोगासाठी का नसावी? अच्छाडच्या हद्दीवर आणि उपनगराच्या तोंडाशी जनावरांचा डॉक्टर रात्रंदिवस असावा. आलेल्या जनावरांना वेगळे ठेवण्यास सरकारी गोठा, चारा, पाणी असावे. दाखला मालकाला वाचता येईल अशा भाषेत असावा. आणि न पाहता सही करणाराला शिक्षा व्हावी.

गवळी, धनगर बंधूंनो, तुम्हांसही आमचे एक सांगणे आहे. दाखला दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. बिल्ल्यावरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून मगच पैसे मोजा. शिक्का कोणाचाही असो, दावणीला मरणारी म्हैस तुमची आहे.