घर बांधणारा हात कोठून येणार?

इंदूर शहर चहू दिशांनी वाढत आहे. बायपासच्या पलीकडे आणि सुपर कॉरिडॉरच्या दोन्ही अंगांस नव्या वसाहती उठत आहेत. आपल्या सभासदांपैकीही पुष्कळांची घरे, दुकाने, गोदामे बांधावयाची चालू आहेत. अशा वेळी चार मंडळी एकत्र बसली की एक तक्रार हटकून ऐकू येते. सिमेंट मिळते, सळई मिळते, कर्जही मिळते. चांगला गवंडी मात्र मिळत नाही. मिळालाच तर तो पन्नाशी उलटलेला असतो, आणि त्याचा मुलगा बापाची थापी हाती न घेता दुचाकीवरून घरोघरी पुडकी पोचवीत फिरतो. यावर 'आजच्या तरुणांस कष्ट नकोत' असा निकाल देऊन चहा संपविण्याची आपल्यात चाल आहे. तो निकाल आम्हांस मान्य नाही. वैशाखाच्या उन्हात दिवसभर दुचाकी हाकणे हे काही आरामाचे काम नव्हे. तरुणाला नको असतो तो बेभरवसा, आणि हा बेभरवसा बऱ्याच अंशी घर बांधून घेणारेच निर्माण करतात, असे आमचे मत आहे.

धान्याच्या व्यापाऱ्यास ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊ नये. १९७२ च्या मध्यप्रदेश कृषी उपज मंडी कायद्याने शेतकऱ्याच्या मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करण्याचे बंधन घातले. ते जाचक वाटणारे व्यापारी आहेत. परंतु शेतकरी छावणीच्या मंडीत निःशंकपणे माल उतरवितो, त्याला या बंधनाचाही हातभार आहे. घर बांधताना मात्र आपल्यातील कित्येकजण अगदी उलट वागतात. एके ठिकाणी फरशी पोकळ वाजते एवढ्यावरून कंत्राटदाराचे अखेरचे बिल चार-चार महिने अडवून ठेवण्यात येते. कंत्राटदार ती झळ मिस्त्रीवर ढकलतो, मिस्त्री मजुरांवर. पावसाळ्यात काम बंद. एरवीही सकाळी मजूर-चौकात उभे राहावयाचे आणि कोणी नेले तर जावयाचे. असा दिनक्रम ज्या मुलाने लहानपणापासून घरात पाहिला, त्याने तो का पत्करावा? मुलीचा बापसुद्धा जावई शोधताना हाच प्रश्न विचारतो.

१९९६ च्या कायद्याने इमारत-कामगाराच्या नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याची अट घातली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम ठेविली आहे. हे ९० दिवस सिद्ध कसे करावयाचे? चार घरी चार-चार आठवडे काम केलेल्या माणसाजवळ कागद नसतो. आपल्या पेढीच्या कागदावर दोन ओळी व सही करून देण्यास मालकाचे काय वेचते? तारीखवार हिशेब ठेवणे हा तर आपला धर्मच.

धर्माचा विषय निघाला म्हणून सांगतो. भगवान आदिनाथांनी प्रजेस असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प अशी सहा कर्मे शिकविल्याचे आदिपुराणात आहे. त्यांतील मसि व वाणिज्य आपण उचलले आणि सहावे कर्म दुसऱ्याचे मानून सोडून दिले. मंदिराच्या पायऱ्या चढताना दात्याचे नाव वाचतो; घडविणाऱ्याचे नाव कोरलेले क्वचितच आढळते. आपली मुले १९५२ साली स्थापन झालेल्या गोविंदराम सेकसरिया संस्थेत अभियांत्रिकी शिकतात, कोणी कॉलोनायझर होतात, हे उत्तमच. परंतु एखाद्याच्या मनात सुतारकाम भरले, तर घरात त्याची थट्टा होऊ नये. सर्वांनी थापी धरावी असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे ढोंग होईल.

हे कौशल्य एकदा तुटले की परत जुळविणे किती अवघड असते, हे इंदूरकरांनी पाहिले आहे. राजवाड्याचा मागील भाग १९८४ च्या आगीत नष्ट झाला, आणि तो पुढे मूळ धाटणीस धरून पुन्हा उभारावा लागला. अशा कामाला चुना मळणारा व लाकूड कोरणारा हात लागतो. जुन्या चुन्यात गूळ, बेलफळ, मेथी, उडीद पडत असे. (उडीद व मेथी आपल्याच पेढ्यांवरची, पण किती घोटावयाची हे आपल्याला ठाऊक नाही.) हे प्रमाण उस्तादाशेजारी बसून शिकावे लागते, जसा आपला मुलगा पोत्यात परखी घालून गव्हाचा दाणा ओळखावयास शिकतो.

कोणी म्हणतील, आता घरे यंत्राने होतील. २०२१ च्या आरंभी पायाभरणी झालेल्या लाइट हाउस प्रकल्पात इंदुरास कारखान्यात तयार केलेल्या फलकांची १,०२४ घरे ठरली, हे खरे. परंतु फलक जोडणारा, नळ बसविणारा, विजेच्या तारा ओढणारा माणूस तेथेही लागतोच, आणि तो अधिक शिकलेला लागतो. जर्मनीत फरशी बसविणाऱ्यांस उस्तादकीच्या परीक्षेची सक्ती होती. २००४ साली ती उठविली आणि २०२० साली पुन्हा लावावी लागली. परीक्षेने धंद्याला नाव येते, आणि नाव आले की मुले येतात.

स्त्रियांकडे तर आपले लक्षच नाही. झाबुआ-अलीराजपूरकडून येणाऱ्या कुटुंबांतील बाई वीस वर्षे घमेले उचलते, पण ओळंबा तिच्या हाती कोणी देत नाही. अहमदाबादेत सेवा संस्थेने बांधकामातील स्त्रियांसाठी 'कर्मिका' ही शाळा काढली, ती हेच कौशल्य शिकविण्याकरिता. इंदुरास असे का होऊ नये?

२०२३ च्या विश्वकर्मा योजनेत सुतार व राजमिस्त्री यांस शिक्षणकाळात रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपये ठरविले आहेत. शासनाने हत्यार दिले, काम कोण देणार? आपण. आमची सूचना अशी की ज्या सभासदांचे बांधकाम येत्या वर्षी निघावयाचे आहे, त्यांनी कंत्राटदाराशी करार करताना तीन कलमे घालून घ्यावी : मजुरी दर शनिवारी चुकती, कामाचा लेखी दाखला, आणि उस्तादाच्या हाताखाली मासिक वेतनावर दोन शिकाऊ, त्यांपैकी एक शक्यतो मुलगी. त्या दोघांच्या पावसाळ्यातील चार महिन्यांच्या वेतनाचा अर्धा भार संघाने आपल्या शिक्षण-निधीतून उचलावा, असा ठराव आम्ही येत्या साधारण सभेपुढे मांडणार आहोत. अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्या बंधु-भगिनींनी सभेपूर्वी आपली नावे कार्यालयात नोंदवावी.