चांदी की शिसे?

कोलंबियात पाब्लो एस्कोबारच्या काळात पोलिसांपुढे दोनच वाटा ठेवल्या जात. स्पॅनिशमध्ये त्याला ‘प्लाता ओ प्लोमो’ म्हणत. चांदी की शिसे? पैसे घे, नाहीतर गोळी खा. १९९०च्या सुमारास त्याने मेडेयीन शहरात पोलिसांच्या डोक्यावर इनामे लावली आणि शेकडो पोलीस मेले. पुढे मेक्सिकोत तेच झाले. १४ ऑक्टोबर २०१९ रोजी मिचोआकान प्रांतात दबा धरून १३ पोलीस मारण्यात आले. तीनच दिवसांनी कुलियाकान शहरात टोळीने रस्ते अडवून असा गोळीबार केला, की हाती सापडलेला ओविदिओ गुझमान सरकारला सोडून द्यावा लागला!

असे काही वाचले की आपण गोंयकार सुस्कारा सोडतो. आपल्याकडे तसले काही नाही बाबा! खरेच आहे. हणजूण-शापोऱ्याचे विक्रेते पोलिसांवर मशीनगन चालवत नाहीत. पण का चालवत नाहीत, हे आपण कधी विचारतो का? माझे उत्तर कडू आहे. जिथे चांदीने काम भागते, तिथे शिसे कोण खर्च करील?

२०१० साली आपल्याच अमली पदार्थविरोधी पथकातले पोलीस एका इस्रायली विक्रेत्याशी साटेलोटे केल्याच्या आरोपावरून अटकेत गेले. प्रकरण सीबीआयकडे गेले, विधानसभेची समिती बसली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पुण्यात २ ऑक्टोबर २०२३ रोजी ड्रग्ज प्रकरणातला एक आरोपी ससून रुग्णालयातून पळाला आणि पहाऱ्यावरचे पोलीस निलंबित झाले. एक गोळी सुटली नाही.

मी सरकारी कारकून. त्यामुळे चांदी कुठे शिरते ते मला कागदावर दिसते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात वजनाला फार महत्त्व आहे. चरस एक किलो झाला की ते ‘व्यापारी प्रमाण’. मग शिक्षा किमान दहा वर्षे आणि जामीन महाकठीण. वजन त्याखाली उतरले की किमान शिक्षेचे बंधनच गेले. मिळालेली खबर लिहून ठेवायची, ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायची. अंगझडतीआधी आरोपीला त्याचा हक्क सांगायचा. या तरतुदी निरपराध माणसाच्या रक्षणासाठी आहेत आणि त्या हव्यातच. पण यातली एक तारीख चुकली, एक ओळ राहिली, की खटला ढिला होतो. ती चुकली की चुकवली, हे कोण ठरवणार? माणूस मारायची गरजच उरत नाही, पंचनामा मेला की पुरे.

हा प्रश्न केवळ किनारपट्टीचा नाही. चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्यांना पिरनवाडी ठाऊक असते. जांबोटीकडून येणारा रस्ता तिथेच खानापूर रस्त्याला मिळतो. माझी मावशी त्या गावात दिलेली. तिथून जवळच, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, नोव्हेंबर २०२१ मध्ये मेफेड्रोन बनवण्याचा कारखाना सापडला. काजूच्या आणि उसाच्या मुलखात! तो शोधायला मुंबई पोलिसांचे पथक यावे लागले. तीन राज्यांच्या सीमा तिथे जवळ आलेल्या. मालाला सीमा नडत नाही, पोलिसाला मात्र हद्द असते.

हा विषय मावसभावापाशी काढला. तो म्हणाला, “पोलीस मार खातोय तर खाऊंदेत की! आमच्या पोरांच्या पाठीवर काठ्या पडल्या तेव्हा कोण आलं होतं इचारायला?” त्याचा राग मी समजू शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्यावरून पिरनवाडीत लाठीमार झाला होता. शेवटी पुतळाही राहिला आणि चौकाला शिवाजी महाराजांचे नावही राहिले. पण पाठीवरचे वळ विसरले जात नाहीत. सीमाभागात कित्येक मराठी घरांना पोलीस म्हणजे काठी एवढेच ठाऊक, आणि आपल्याकडे पोलीस म्हणजे हप्ता. दोन्हीकडे निष्कर्ष एकच, की त्याचे तो बघून घेईल.

नेमके हेच माफियाला हवे असते. जो पोलीस चांदी नाकारतो तो एकटा पडतो आणि मग शिशाची पाळी येते. आपल्याकडे ते शिसे जमावाच्या रूपाने येते. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत गोरेगावला एका विक्रेत्याला पकडायला गेलेल्या केंद्रीय पथकावर साठेक माणसे तुटून पडली, अधिकारी जखमी झाले. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी एका नायजेरियनाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग रोखला, शववाहिकेतून मृतदेह रस्त्यावर काढला. त्यामागे ड्रग्जच्या धंद्यातली चढाओढ असल्याचे तेव्हा बोलले गेले आणि तिला स्थानिक बाजूही होती. पोलीस मात्र बराच वेळ नुसते बघत राहिले होते.

मग सामान्य माणसाने करायचे काय? मोर्चा नको, मेणबत्त्याही नकोत. पंच व्हावे. छाप्याच्या वेळी पोलिसांना दोन पंच लागतात. पुष्कळदा आम्हा सरकारी नोकरांनाच बोलावणे येते. ते येणार अशी कुणकुण लागली की कचेरीत एकाला ताप चढतो, दुसऱ्याची सासू आजारी पडते. कोर्टाच्या खेपा कोण घालणार? तारखेला आरोपीची माणसे बाहेर उभी, त्यांच्या नजरा कोण झेलणार? ही भीती खोटी नाही. पंचाला निर्भयपणे कोर्टात येता-जाता यावे याची जबाबदारी सरकारनेही घेतली पाहिजे. पण डोळ्यांसमोर वजन झाले, सील लागले आणि त्याखाली आपली सही पडली, की विकाऊ पोलिसाला ते वजन कमी करणे अवघड जाते. आणि प्रामाणिक पोलिसाच्या बाजूने कोर्टात उभे राहणारे कोणीतरी असते.

चांदी आणि शिसे यांच्यामध्ये पोलिसाला आज तिसरी वाट नाही. ती आपल्या सहीने थोडीशी उघडते. पुढच्या वेळी बोलावणे आले तर ताप चढवून घेऊ नका, एवढेच माझे सांगणे.